तीन तासांच्या गाडीसाठी तीन दिवस : ठाणे-नवी मुंबईतून छोट्या रेल्वेगाड्यांना कसं जायचं

आमच्या आईचा प्रश्न दर वेळी तोच असतो, "अरे पण तिथं पोचून करणार काय?" आणि माझं उत्तरही तेच, गाडीत बसणार आणि परत येणार. यावर ती जे बघते ते बघणं तुमच्यापैकी ज्यांना हे वेड आहे त्यांना घरोघरी माहीत असेल. पण तुम्ही ठाण्याचे असाल तर लाजायचं काही कारण नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरवरून १४ डब्यांत बसून जे ४०० पाहुणे ठाण्याला आले, त्यांचं ठाण्यात काय काम होतं? काहीच नाही. ३४ किलोमीटर गाडीत बसायचं होतं, बसले, आणि परत गेले. पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडलेली. आपल्या गावाची रेल्वेतली सुरुवातच अशी बिनकामाची आहे.

मी ऐरोलीला राहतो, नोकरी आहे, घरी आई, बायको, एक शाळेतला मुलगा, म्हणजे महिनाभर भटकायला मोकळा असलेला माणूस मी नाही. तरी गेल्या काही वर्षांत शनिवार-रविवारला एखादा दिवस जोडून बऱ्याच छोट्या गाड्या करून झाल्या, काही चुकल्या, आणि चुकल्या त्यातूनच हे सगळं शिकलो. ओळखीचे लोकं सारखं विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय.

पहिली गोष्ट : तुम्हाला नक्की कशात बसायचंय ते ठरवा

"टॉय ट्रेन" म्हटलं की लोकांना सगळं एकच वाटतं. तसं नाहीये. आपली लोकल चालते तो ब्रॉडगेज, दोन रुळांत साडेपाच फूट अंतर. माथेरानची गाडी दोन फुटांवर चालते. गुजरातमधली बिलिमोरा-वघई अडीच फुटांवर. इंदूरजवळची पातालपाणी-कालाकुंड मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर. उटीची निलगिरी रेल्वे पण मीटरगेज, पण तिला दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकून गाडी वर चढते, अशी गाडी भारतात ती एकच. कोणाला पूल हवा असतो, कोणाला घाट, कोणाला फक्त वाफेचं इंजिन. हे ठरलं नसेल तर हजार किलोमीटर जाऊन चुकीच्या डब्यात बसाल. माझ्या एका मित्राने उटीला जाऊन उटी ते कुन्नूर हा १९ किलोमीटरचा तुकडा केला आणि "दातेरी रेल्वे केली" म्हणून सगळ्यांना फोटो पाठवले. दातेरी भाग कुन्नूरच्या खाली, मेट्टुपालयमच्या बाजूला आहे. त्याला सांगितलं तेव्हा दोन दिवस बोलला नाही.

आणि एक, अंतर किती लहान याला काही मर्यादा नाही. नागपूर ते अजनी हे अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे आणि आपल्याकडून नागपूर आठशे किलोमीटर. तेवढ्यासाठी जाणारे लोकं आहेत. मी अजून गेलेलो नाही, नागपूरला लग्न निघायची वाट बघतोय.

सराव घरच्या घरी करा

डायरेक्ट लांब जाऊ नका, आधी नेरळ-माथेरान करा. आपल्याला ही गाडी इतकी जवळ आहे की लोकं ती करतच नाहीत, "कधीही जाऊ" म्हणतात. १९०७ मध्ये सुरू झालेली ही लाइन, आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली, नेरळपासून माथेरानपर्यंत साधारण २१ किलोमीटर, आणि वर जायला अडीच तासांच्या वर लागतात. मध्ये जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं. एकच बोगदा आहे, त्याचं नाव वन किस टनेल, का ते मुलाला सांगायची जबाबदारी मी बायकोवर ढकलली.

ऐरोलीवरून सकाळची पहिली-दुसरी लोकल पकडून ठाण्याला ९ नंबर प्लॅटफॉर्मवर उतरायचं, पूल चढून पलीकडे कर्जत किंवा खोपोली लोकल. खालच्या पनवेल-खारघरवाल्यांना रस्त्याने नेरळ गाठणं सोपं पडतं, ठाण्याला उलटं येत बसू नका. नेरळला उतरलात की इकडेतिकडे न बघता सरळ छोट्या गाडीच्या तिकीट खिडकीवर, वडापाव नंतर. सीट कमी, गाड्या मोजक्या, आणि सुट्टीच्या दिवशी रांगेत तुमच्या पुढे जो माणूस असतो तो एकटा दिसतो पण सात तिकिटं काढतो.

माझी युक्ती उलटी आहे. वर जाताना सगळ्यांनाच गाडी हवी असते, म्हणून वर जाताना टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं, मोटारींना पुढे बंदीच आहे, तिथून अमन लॉज ते माथेरान शटल, आणि स्टेशनात उतरल्या उतरल्या खाली नेरळला जाणाऱ्या गाडीचं तिकीट मिळतंय का ते बघायचं. मिळालं तर अख्खा घाट उतरणीने. नाही मिळालं तर शटल तर झालीच ना.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, कधी कधी त्याच्याही पुढे. वरची शटल चालू असते. २००५ च्या पुरात ही लाइन वाहून गेली ती २००७ ला परत सुरू झाली, मग २०१६ ला डबे घसरले म्हणून बंद, २०१९ च्या पावसात परत नुकसान, आणि नेरळवरून गाडी निघायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे घराजवळची गाडी सुद्धा गृहीत धरायची नाही.

गाडी चालू आहे का, हे तीनदा विचारा

छोट्या गाड्यांचं हेच दुखणं आहे. मोठी गाडी रद्द झाली की बातमी येते, छोटी गाडी रद्द झाली की खिडकीवर कागद येतो. मी एकदा रात्रभर जनरलच्या डब्यात दोन बॅगांच्या मध्ये बसून एका ठिकाणी गेलो, कुठे ते सांगत नाही, सकाळी खिडकीच्या काचेवर वहीचं पान चिकटवलेलं, त्यावर निळ्या पेनाने "आज गाडी नाही". आज शब्दाखाली दोन रेघा. त्या दोन रेघा बघून बरं वाटलं, निदान उद्या आहे म्हणून, पण मला सोमवारी ऑफिस होतं.

त्यानंतर मी पद्धत बसवली. आधी रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर त्या गाडीचा नंबर टाकून मागच्या चार-पाच दिवसांत ती खरंच धावली का ते बघायचं. वेळापत्रकात नाव असणं आणि रुळावर गाडी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग १३९ ला, रेल्वेच्या चौकशी नंबरला, फोन. आणि तिसरं, जे सगळ्यात कामाचं आहे, त्या स्टेशनजवळच्या एखाद्या लॉजवाल्याला फोन करायचा, रूमचं विचारायचं आणि मग सहज विचारल्यासारखं, "काय हो, आज छोटी गाडी आली का?" तो खिडकीतून बघून सांगतो. यापेक्षा भारी लाइव्ह स्टेटस कुठल्याही ॲपमध्ये नाही.

आणि पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणू नका, हे अगदी मनापासून सांगतो. पाचोरा-जामनेर ५६ किलोमीटरची गाडी, आमच्या आत्याच्या गावाकडची, ठाण्याहून पाचोऱ्याला जायला रात्रीची गाडी आहे, काहीच अवघड नव्हतं. दर दिवाळीत "पुढच्या वेळी". २०२० च्या लॉकडाउनमध्ये ती थांबली ती परत सुरूच झाली नाही, तिथं आता ब्रॉडगेज होणार. विदर्भातली शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, तिच्यावर १९२१ चं मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चालत होतं, ती पण गेली. रामेश्वरचा जुना पांबन पूल १९१४ चा, त्याच्यावरून गाड्या बंद झाल्या २०२२ च्या डिसेंबरात. नवा पूल एप्रिल २०२५ ला सुरू झाला, चांगला आहे, मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो, पण जुना तो जुना.

उलटं प्लॅनिंग

बहुतेक लोकं घरापासून सुरुवात करतात, शुक्रवारी रात्री निघू, सकाळी पोचू, मग छोटी गाडी. मी म्हणतो छोटी गाडी हा खिळा आहे, तो आधी भिंतीत ठोका. ती दिवसातून एकदा किंवा दोनदाच सुटते आणि ती तुमच्यासाठी थांबणार नाही. मग मागे या : ती सुटायच्या आधी निदान दीड-दोन तास तुम्ही त्या स्टेशनात हवेत. म्हणजे मोठी गाडी तिथं त्याच्याही आधी दोन तास पोचायला हवी, कारण मोठी गाडी उशिरा येणारच. हे जमत नसेल तर आदल्या रात्री तिथंच मुक्काम. मी आता मुक्कामच करतो. लॉजचे सातशे-आठशे वाचवायच्या नादात अख्खी ट्रिप घालवलीये.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ, बिलिमोरा-वघई. ठाण्या-मुंबईवाल्यांसाठी मला हीच सगळ्यात बेस्ट वाटते. ६३ किलोमीटर, तीन तास, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर, शेजारून सायकलवाला जातो तो मागे वळून हसतो. गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने डांगच्या जंगलातला साग खाली आणायला ही लाइन टाकलेली. २०२० मध्ये ही पण बंद पडली होती आणि कायमचीच बंद होणार असं चाललेलं, पण २०२१ च्या सप्टेंबरमध्ये परत सुरू झाली आणि वर एक एसी डबा पण लागला.

ठाणेकरांची पहिली अडचण म्हणजे ही पश्चिम रेल्वे. आपण मध्यवाले. तीन रस्ते आहेत. एक, दादरला जाऊन बदलायचं, सगळ्यात खात्रीचं पण शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊन दादरचा पूल म्हणजे काय ते मी सांगायला नको. दुसरा, घोडबंदर रोडने बोरिवली. नकाशात तासाभराचं दिसतं, ते नकाशाला दिसू द्या, तुम्ही तीन तास धरा. गायमुखच्या चढावर एक ट्रक बंद पडला की तुमची सुट्टी तिथंच संपली. तिसरा मला आवडतो, दिवा-वसई मेमू. दिव्याला जायचं, तिथून कोपर, भिवंडी रोड, कामण रोड, जुचंद्र करत वसई रोड. गाड्या मोजक्याच आहेत म्हणून वेळ आधी बघून ठेवा, पण खाडीवरून जाते, बसायला जागा मिळू शकते आणि वसईला गुजरातच्या बऱ्याच गाड्या थांबतात. शिवाय एक जास्तीची गाडी झाली, फुकटात.

शुक्रवारी संध्याकाळी बिलिमोऱ्याला थांबणारी गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर वलसाडपर्यंत जा, वलसाडला बहुतेक सगळं थांबतं, तिथून सकाळी पुढे बिलिमोरा जवळच आहे. रात्री मुक्काम, सकाळी नाष्टा, आणि मग स्टेशन. छोटी गाडी सकाळी जराशी उशिरा निघून दुपारपर्यंत वघईला पोचते आणि थोडं थांबून परत फिरते. वेळा बदलत असतात, जायच्या आठवड्यात बघून घ्या.

एसी डबा की साधा? साधा. एसी डब्यात मोठी काच आहे, आई-वडील सोबत असतील तर तो ठीक, पण काचेतून बघायचं तर घरी टीव्हीवर पण दिसतं. साध्या डब्यात गणदेवी सोडल्यावर आंब्या-चिकूच्या बागांचा वास आत येतो, पुढे रानकुवा, अनावल, उनाई करत झाडी वाढत जाते, उनाईला गरम पाण्याचे झरे आहेत म्हणून तिथं बरेच जण उतरतात, आणि त्याच्यापुढे डबा रिकामा होतो आणि सागाची पानं खिडकीला घासायला लागतात. मी गेलो तेव्हा एका फाटकाच्या अलीकडे गाडी थांबली. सिग्नल नाही, काही नाही. गाडीतलाच एक माणूस हातात हिरवा-लाल झेंडा घेऊन खाली उतरला, चालत जाऊन फाटक लावलं, दोन मोटारसायकलवाले थांबले, त्याने झेंडा दाखवला, गाडी फाटक ओलांडून पलीकडे जाऊन परत थांबली, त्याने फाटक उघडलं, मोटारसायकलवाल्यांशी काहीतरी बोलला, हसला आणि धावत येऊन शेवटच्या डब्यात चढला. आई तोपर्यंत "कधी येणार वघई" करत होती, हे बघून म्हणाली, "आता जेवायला पण थांबवतील." पण तेव्हापासून ती प्रत्येक फाटकाला खिडकीतून वाकून बघायला लागली.

परत कसं यायचं हा खरा मुद्दा. त्याच रस्त्याने परत आलात तर घरचे पुढच्या वेळी येणार नाहीत. वघईवरून सापुतारा साधारण ५० किलोमीटर, बस-जीप मिळतात. शनिवारी रात्री सापुताऱ्याला राहा, रविवारी सकाळी तिथून वणी, सप्तशृंगी गड, मग नाशिक रोड आणि तिथून संध्याकाळची गाडी पकडून थेट ठाणे, आपली मध्य रेल्वे. आईला देवी मिळाली, बायकोला सापुतारा मिळालं, पोराला तळ्यातली बोट मिळाली. आणि मला? गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, ती दोराने ओढली जाते पण चालते रुळांवर. मी ती मोजतो. घरात यावर एकमत नाही.

तिकिटांचं

रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. आधी १२० होते तेव्हाची सवय असेल तर विसरा. मोठ्या गाडीचं तिकीट त्या दिवशी सकाळी ८ ला बसून काढायचं. तत्काळ एसीला आदल्या दिवशी १० ला, नॉन-एसीला ११ ला, आणि २०२५ च्या जुलैपासून आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते आधीच करून ठेवा, दहा वाजता ओटीपीची वाट बघत बसू नका.

दोन रिझर्वेशनच्या गाड्या एकापाठोपाठ असतील तर दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून ठेवायची सोय २०१९ पासून आहे, पहिली उशिरा आल्याने दुसरी चुकली तर पैसे मिळायला सोपं पडतं. पण छोटी गाडी बऱ्याचदा खिडकीवरच्या तिकिटाची असते, तिला हे लागू नाही. तिथं फक्त लवकर पोचणं हाच विमा.

लांब जाणाऱ्यांसाठी दोन जुन्या सोयी आहेत ज्या काउंटरवर विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. एक म्हणजे ब्रेक जर्नी. ५०० किलोमीटरपेक्षा लांबचं तिकीट असेल तर पहिले ५०० झाल्यावर मध्ये उतरून दोन दिवसांपर्यंत थांबता येतं, उतरल्यावर स्टेशन मास्तरकडून तिकिटावर नोंद करून घ्यायची, राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांना चालत नाही. दुसरी, सर्क्युलर तिकीट. ठाण्याहून निघून फिरून ठाण्यालाच परत, मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबे, भाडं एकत्र लांब अंतराचं लागतं म्हणून स्वस्त पडतं. त्यासाठी अर्ज करावा लागतो, काउंटरवरचा माणूस आधी "असं काही नसतं" म्हणू शकतो, त्याच्याशी भांडू नका, मोठ्या साहेबाला भेटा. एकाच ट्रिपमध्ये तीन-चार छोट्या गाड्या करायच्या असतील तरच या भानगडीत पडा.

तीन रात्रींची : पातालपाणी-कालाकुंड

ही साडेनऊ किलोमीटरची. हो, साडेनऊ. इंदूरच्या पुढे महू, त्याच्या पुढे पातालपाणी. होळकरांनी या लाइनसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं १८७० मध्ये, संस्थानाने सरकारला कर्ज दिलं, उलटं नाही, हे मला फार आवडतं. ती मीटरगेज पुढे तुकड्या-तुकड्याने बंद होत गेली आणि हा घाटातला तुकडा २०१८ च्या डिसेंबरपासून हेरिटेज गाडी म्हणून चालतो. बोगदे, पूल, खाली चोरल नदीचं खोरं, आणि सुरुवातीलाच पातालपाणीचा धबधबा.

ही मुख्यतः शनिवार-रविवारची आणि पावसाळ्यात सुरू होऊन पुढे काही महिने चालणारी गाडी आहे, तारखा दर वर्षी जाहीर होतात. म्हणून इथं खिळा फारच पक्का, दोनच दिवस, एकच वेळ. शुक्रवारी रात्री बोरिवलीवरून अवंतिका एक्सप्रेस पकडली की सकाळी इंदूर. पण त्याच सकाळची छोटी गाडी धरू नका, शनिवार इंदूरला सराफ्यात, म्हणजे तिथल्या खाऊबाजारात, खाण्यात घालवा आणि रविवारची धरा. मग रविवारी रात्री परतीची गाडी. हे गणित बसतं, मी केलंय, फक्त सोमवारी डोळे लाल असतात.

पातालपाणीला टंट्या मामाचं ठिकाण आहे, टंट्या भिल, इंग्रजांना सळो की पळो करून सोडलेला. लोकं सांगतात की इथून जाताना प्रत्येक गाडी क्षणभर थांबून किंवा हॉर्न देऊन मामाला सलाम करते. आणि कालाकुंडला उतरलात की कलाकंद. नावाचा विनोद नाही, खरंच तिथला कलाकंद प्रसिद्ध आहे, पानाच्या द्रोणात देतात. गाडी तिथं बराच वेळ थांबते, लोकं फोटो काढत सुटतात, तुम्ही आधी कलाकंद घ्या कारण तो संपतो. घरी आणायचा असेल तर डबा न्या, द्रोण बॅगेत सांडतो आणि मग इंदूर ते बोरिवली अख्ख्या बॅगेला दुधाचा वास.

निलगिरीबद्दल थोडंच

ही आठवड्याची सुट्टी असेल तेव्हाच. कुर्ल्याहून कोइम्बतूरला थेट गाडी आहे, तीस तासांहून जास्त लागतात. मेट्टुपालयम ते उटी ४६ किलोमीटर, २०८ वळणं, १६ बोगदे, चढ सगळ्यात तीव्र तिथं बारा फुटाला एक फूट. तुलनेला आपला खंडाळ्याचा घाट ३७ ला १ आहे आणि त्यालाही कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते म्हणून आदल्या रात्री मेट्टुपालयमलाच राहा. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडल्या उघडल्या भरतं. वर चढतानाच करा, उतरताना वेळ कमी लागतो आणि इंजिनाची धाप ऐकू येत नाही. कुन्नूरपर्यंतच मिळालं तरी घ्या, तुमचा दातेरी भाग त्यातच आहे, माझ्या मित्रासारखं करू नका.

बारीकसारीक, पण यावरच ट्रिप फसते

खिडकी कुठली? सगळे विचारतात डावी की उजवी. घाटात गाडी वळत वळत जाते, दरी एकदा इकडे एकदा तिकडे. जाऊन-येऊन करणार असाल तर जाताना एक बाजू, येताना दुसरी, विषय संपला. त्यापेक्षा डबा कुठला हे बघा. मधल्या-मागच्या डब्यात बसलात तर वळणावर पुढचं इंजिन दिसतं. पहिल्या डब्यात फक्त आवाज येतो.

टॉयलेट. बऱ्याच छोट्या डब्यांत नसतं. माथेरानला तर नाहीच. लहान मुलं आणि डायबेटीसवाले सोबत असतील तर चढायच्या आधी जाऊन या, तीन तास म्हणजे तीन तास. आमच्याकडे एकदा पोराने पाण्याची बाटली नेरळमध्येच संपवली होती, जुम्मापट्टीला गाडी थांबली तेव्हा मी त्याला उचलून पळालो ते वेगळं.

बॅग एकच, पाठीवरची. छोट्या डब्यात वर रॅक नसतो किंवा असला तर त्यात छत्री बसेल एवढा असतो. ट्रॉली बॅग आणणाऱ्या माणसाला सगळा डबा तीन तास गुडघ्यांनी ओळखतो. मोठं सामान असेल तर मोठ्या स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा, बॅगेला कुलूप लागतं आणि ओळखपत्र लागतं, दोन रुपयाचं कुलूप विसरल्यामुळे मी बॅग घेऊन पूर्ण इंदूर फिरलोय.

खायला घरून न्या. धपाटे, चटणी, दशम्या, जे टिकतं ते. छोट्या स्टेशनांवर कधी भजी मिळतात, कधी फक्त कुत्रं असतं. सुटे पैसे ठेवा, जंगलात शिरलं की नेटवर्क जातं आणि यूपीआयचं चाक फिरत राहतं.

दारात लटकून रील काढू नका. वेग कमी आहे म्हणून धोका कमी वाटतो, पण या लाइनींवर कपारी आणि झाडं डब्याला अगदी चिकटून असतात, हात बाहेर काढला तरी लागतो.

घरच्यांना न्यायचं असेल तर त्यांना "गाडीसाठी चाललोय" असं सांगू नका, आधी दुसरं काहीतरी त्या वाटेवरचं शोधा, देऊळ, धबधबा, साड्यांची बाजारपेठ, आणि गाडी ही तिथं जायची वाट आहे असं दाखवा. आमच्या आईला सप्तशृंगीच्या निमित्तानेच वघईला नेलेलं, तिला डांगच्या जंगलात शिरल्यावर संशय आला. "वणीला जायला नाशिकवरून सरळ रस्ता नाही का रे?" आहे, पण मी तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होतो.

आणि परतीचं एक राहिलं. नाशिककडून रविवारी संध्याकाळी येणाऱ्या गाड्या कसाऱ्याच्या आसपास रखडल्या की ठाण्याला मध्यरात्र होते, आणि वाशीकडची शेवटची लोकल निघून गेलेली असते. मग ९ नंबरवर ज्या वेळी कोणी नसतं त्या वेळी तुम्ही, झोपलेलं पोर खांद्यावर आणि आई असे उभे असता, आणि बाहेर रिक्षावाला ऐरोलीचं नाव ऐकून मीटरकडे न बघता आकाशाकडे बघतो. म्हणून तिकिटं काढता त्याच दिवशी सोमवारची पहिल्या हाफची सुट्टी पण टाकून ठेवा.